गोड्या पाण्याच्या एका टाकीत दोन जातींचे मासे नांदवताना

दोन निरनिराळ्या जातींचे मासे एका टाकीत सुखाने राहतील का, हा प्रश्न बहुतेक वेळा मासे पिशवीतून टाकीत सोडून झाल्यावर विचारला जातो. तोपर्यंत उत्तर कळूनही फारसे काही करता येत नाही, कारण आणलेला मासा परत देणे सोपे नसते आणि त्याला वेगळे ठेवण्यासाठी दुसरी चालू टाकी प्रत्येकाकडे नसते. म्हणून पुढे जे सांगितले आहे त्यातले बरेचसे काम मासे आणण्याच्या आधी, कागद-पेन्सिल घेऊन करण्याचे आहे.

माझ्या पद्धतीचा पाया असा की टाकीवर दोन्ही जातींचा हक्क सारखा धरू नये. आधी एक जात मुख्य ठरवावी आणि टाकी पूर्णपणे तिची समजावी. पाणी, तापमान, तळ, वनस्पती, प्रकाश हे सारे तिला मानवेल तसे ठेवावे. मग दुसरी जात अशी शोधावी की जिला हीच व्यवस्था मुळातच सोयीची आहे. याउलट दोन्ही जाती आधी आवडीने निवडल्या आणि मग दोघांच्या गरजांचा मध्य काढत बसलो, तर दोघांचीही आबाळ होते. गोल्डफिश आणि फायटर यांचे उदाहरण घ्या. गोल्डफिशला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस पाणी मानवते, तर फायटरला २५ ते २८. मधले म्हणून २३ अंश ठेवले, की फायटर सुस्तावतो आणि त्याचे पचन मंदावते, गोल्डफिशला मात्र तेच पाणी गरम पडते. शिवाय गोल्डफिश खूप खातो आणि तितकीच घाण करतो, त्यामुळे त्याला मोठी टाकी आणि जोरकस फिल्टर लागतो. लांब परांच्या फायटरला त्या प्रवाहात पोहणेही जड जाते. या जोडीत कोणाचाही स्वभाव वाईट नाही, तरीही ती जमत नाही.

पाण्याचा हिशेब

जोडी ठरवताना तीन आकडे पाहावेत: तापमान, पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप) आणि पाण्याचा जडपणा (त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण). यांपैकी तापमानाकडे सर्वांचे लक्ष जाते, पीएचची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते आणि जडपणा मात्र राहून जातो. माझ्या मते जडपणाला पीएचपेक्षा अधिक वजन द्यावे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे कल्ल्यांतून आणि त्वचेतून पाणी सतत आत शिरत राहते. ते पाणी पातळ लघवीवाटे बाहेर टाकणे आणि क्षार मात्र धरून ठेवणे हे काम त्याचे शरीर अहोरात्र करत असते. ज्या जाती पिढ्यान्‌पिढ्या क्षारयुक्त जड पाण्यात वाढल्या त्यांना अगदी मृदू पाण्यात हे काम झेपत नाही. मृदू पाण्यात ठेवलेली मोली पर मिटून जागच्या जागी डोलताना दिसते, ते याच ओढाताणीचे लक्षण असते. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल या पिल्ले देणाऱ्या माशांना जड आणि किंचित अल्कधर्मी पाणी हवे असते, म्हणजे जडपणा १० जर्मन अंशांच्या वर आणि पीएच ७ ते ८. निऑन टेट्रा, कार्डिनल टेट्रा, डिस्कस यांच्या मूळ नद्यांचे पाणी याच्या अगदी उलट, मृदू आणि आम्लधर्मी असते. (एक जर्मन अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा.)

टाकीत वाढवलेल्या पैदाशीचे मासे बरेच जुळवून घेतात हे खरे आहे. निऑन टेट्रा मध्यम जड पाण्यातही चांगला राहतो. तरीही सहन होणे आणि मानवणे यांत फरक आहे, आणि हा फरक माशाच्या रंगात व आयुष्यात दिसतो. म्हणून सर्वांत शहाणपणाचा मार्ग असा, की आपल्या नळाला येणारे पाणी आधी टेस्ट किटने तपासावे आणि त्या पाण्याला साजेशा दोन जाती निवडाव्यात. रसायने घालून पीएच खाली आणण्याच्या भानगडीत पडू नये, कारण पाण्यात विरघळलेले कार्बोनेट क्षार तो पुन्हा वर खेचतात आणि या चढउताराचा त्रास माशांना स्थिर पण थोड्या जास्त पीएचपेक्षा अधिक होतो.

तापमानाच्या बाबतीत दोन्ही जातींच्या पट्ट्या निदान दोन ते तीन अंशांनी एकमेकींवर यायला हव्यात. केवळ टोकाला टोक जुळणे पुरेसे नाही. डिस्कसला २८ ते ३० अंश हवे असते. त्याच्यासोबत लहान, लाल-निळा थवा ठेवायचा झाल्यास दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या दोन टेट्रांपैकी कार्डिनल निवडावा, कारण तो उष्ण पाण्यातला आहे. निऑन २१ ते २५ अंशांचा मासा असून डिस्कसच्या टाकीत तो लवकर थकतो. या दोघांना ओळखण्याची खूण सोपी आहे: कार्डिनलच्या अंगावरचा लाल पट्टा डोक्यामागून शेपटीपर्यंत जातो, निऑनचा मात्र शरीराच्या मागच्या अर्ध्या भागातच असतो.

तोंड, पर आणि स्वभाव

जे तोंडात मावते ते गिळले जाते. मासेपालनात याहून भरवशाचा नियम मला माहीत नाही, आणि याला अपवाद शोधण्याच्या नादात अनेकांचे मासे गेले आहेत. यात लक्षात ठेवायचे ते पूर्ण वाढलेल्या माशाचे तोंड. एंजलफिश विकत घेतो तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा असतो आणि निऑनच्या थव्यासोबत शांतपणे फिरतो. मी स्वतः सुरुवातीला ही जोडी ठेवली होती. सात-आठ महिने काहीच घडले नाही, आणि मग दर आठवड्याला एखादा निऑन कमी होऊ लागला. मेलेला मासा कुठेही सापडत नव्हता. एंजलफिश तेव्हा तळहाताएवढे झाले होते. निसर्गातही एंजलफिश असे सडपातळ लहान मासे खातो, तेव्हा त्याच्याकडून वेगळी अपेक्षा ठेवणे चुकीचे होते. एंजलफिशसोबत टेट्रा हवाच असेल, तर उंच, चपट्या अंगाची आणि चार-पाच सेंटिमीटरपर्यंत वाढणारी जात घ्यावी.

दुसरा प्रश्न परांचा. टायगर बार्ब हा देखणा, चपळ आणि कुरतडणारा मासा आहे. एंजलफिशचे दोऱ्यांसारखे लांब पर, नर गप्पीची शेपटी, फायटरचे पर हे सारे त्याला खुणावते. टायगर बार्ब आठ-दहांच्या गटात ठेवला की त्याची बरीचशी भांडणे गटातल्या गटात मिटतात. पण तेवढ्यावर विसंबून लांब परांचा संथ मासा त्याच्यासोबत ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याच्यासोबत आखूड परांचे, वेगवान आणि तितकेच धीट मासे ठेवावेत.

तिसरी गोष्ट सारखेपणाची. मासा आपल्यासारख्या दिसणाऱ्या माशाला प्रतिस्पर्धी समजतो. फायटर आणि गुरामी हे दोघेही हवेतून श्वास घेणारे, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ राहणारे आणि नर हद्द राखणारे, म्हणून त्यांची जोडी टाळावी. नर गप्पीच्या रंगीत, पसरट शेपटीमुळे फायटर त्याला दुसरा फायटर समजून हल्ला करू शकतो. सारखेपणाचा आणखी एक परिणाम वेगळ्या तऱ्हेने त्रासदायक ठरतो: जवळच्या जातींचा संकर. प्लॅटी आणि स्वोर्डटेल, तसेच गप्पी आणि एंडलर, एकत्र ठेवले की त्यांची मिश्र पिल्ले होतात आणि काही पिढ्यांत दोन्ही जातींची मूळ ओळख पुसली जाते. केवळ शोभेसाठी ठेवायचे असतील तर चालेल, पण मग ती पिल्ले कोणाला देताना शुद्ध जात म्हणून देऊ नयेत.

ज्याला आपण निरुपद्रवी समजतो अशा माशांबद्दलही सावध राहावे. काचेवरचे शेवाळ खाण्यासाठी आणलेला चायनीज अल्गी ईटर लहानपणी खरोखर शेवाळ खातो, पण वाढल्यावर पसरट अंगाच्या, संथ माशांना चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. सकर म्हणून विकला जाणारा साधा प्लेको ४० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकतो. लहान टाकीत या दोघांनाही जागा नाही.

दुसऱ्या जातीमुळे पहिलीचे भले होते अशी उदाहरणेही आहेत, आणि ती मला विशेष आवडतात. लहान, लाजरे सिक्लिड एकटे असले की दगडाआड बसून राहतात. वर एखादा लहान, शांत थवा मोकळेपणाने फिरताना दिसला की आसपास धोका नाही असे त्यांना वाटते आणि ते बाहेर येतात.

थर कसा ओळखावा

दोन जाती एकाच टाकीत असल्या तरी त्यांचे घर वेगळे असावे. मासा कोणत्या थरात राहतो हे पुस्तकात न पाहताही सांगता येते, कारण ते त्याच्या तोंडावर लिहिलेले असते. तोंड वरच्या बाजूला वळलेले आणि पाठ सपाट असेल तर तो पृष्ठभागावरचे अन्न टिपणारा मासा आहे. तोंड समोर असेल तर मधल्या थरातला. तोंड खाली वळलेले, पोट सपाट आणि ओठांपाशी मिशा असतील तर तळाचा. जोडी जमवताना दोघांची तोंडे वेगवेगळ्या दिशेची असणे ही चांगली खूण समजावी. मात्र थर वेगळा असल्याने खाण्याचा किंवा चावण्याचा धोका नाहीसा होतो असे नाही, म्हणून ही कसोटी आधीच्या कसोट्यांनंतरच लावावी.

एक जोडी पूर्ण मांडून पाहू

या सगळ्या कसोट्यांना उतरणारी जोडी म्हणून मी निऑन टेट्रा आणि पँडा कोरीडोरास (मिशा असलेला, तळाशी राहणारा लहान मासा) यांची निवड केली आहे. दोघेही दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातले. निऑनचा पट्टा २१ ते २५ अंशांचा, पँडा कोरीडोरासचा २० ते २५ अंशांचा, म्हणून टाकी २३ ते २४ अंशांवर ठेवावी. दोघांनाही मृदू ते मध्यम जड पाणी आणि ६ ते ७.५ पीएच चालतो. निऑन सुमारे तीन सेंटिमीटरचा, मधल्या थरातला. पँडा चार-पाच सेंटिमीटरचा, तळाचा. कोणाचेही तोंड दुसऱ्याला गिळण्याइतके मोठे नाही आणि कोणालाही पर कुरतडण्याची सवय नाही.

टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच घेतली, तर लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून १००० ने भागल्यावर ६४.८ लिटर येतात. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ५५ लिटरच्या आसपास भरते. यात दहा निऑन आणि सहा पँडा ठेवावेत. दोन्ही जाती थव्याने राहणाऱ्या असल्याने दोन-दोन, तीन-तीन मासे आणून आणखी जातींची भर घालण्याचा मोह टाळावा. तीन निऑन आणि दोन कोरीडोरास म्हणजे पाच घाबरलेले मासे. संख्या पुरेशी असली की निऑन उघड्यावर येतात आणि कोरीडोरास दिवसाही तळभर हिंडतात. टाकी उंच घेण्यापेक्षा लांब-रुंद घ्यावी, कारण तळाच्या माशाला उंचीचा उपयोग नसतो आणि हवा व पाणी यांची देवाणघेवाणही पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते.

या टाकीत मुख्य जात कोणती, याचे माझे उत्तर कोरीडोरास असे आहे, कारण त्याची मागणी अधिक नेमकी आहे. तळाला बारीक, गोल कणांची वाळू तीन ते चार सेंटिमीटर पसरावी. कोरीडोरास वाळूत तोंड खुपसून ती कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो आणि त्यातले खाद्य वेचतो. धारदार खडीवर आणि साचलेल्या घाणीत त्याच्या मिशा झिजतात, कधी पूर्ण गळतात. पुढचा अर्धा तळ मोकळा ठेवावा, मागे आणि बाजूंना वनस्पती लावाव्यात, एक-दोन लाकडाचे तुकडे सावलीसाठी ठेवावेत. निऑनला मंद प्रकाश आवडतो, तेव्हा पृष्ठभागावर तरंगणारी थोडी वनस्पती दोघांच्याही उपयोगाची ठरते. फिल्टर तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा, पण प्रवाह काचेकडे वळवून सौम्य केलेला असावा. हीटर ५० ते ७५ वॉटचा पुरतो. टाकीवर झाकण हवेच, पण पाणी आणि झाकण यांच्यात काही सेंटिमीटर हवा सोडावी, कारण कोरीडोरास अधूनमधून वर झेप घेऊन हवा गिळतो आणि तिच्यातला प्राणवायू आतड्यातून शोषतो.

मासे येण्याआधीचे चार ते सहा आठवडे

नवी टाकी स्वच्छ दिसते, पण ती माशांसाठी तयार नसते. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले जाळतो, नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप बदलून त्याची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वसतात आणि त्यांची वसाहत पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दोन जातींच्या टाकीत ही तयारी अधिक महत्त्वाची आहे, कारण माशांची संख्या एका थव्याच्या टाकीपेक्षा जास्त असते आणि त्रासलेला मासा शेजाऱ्यावर लवकर उसळतो.

टाकीत पाणी भरून, क्लोरीन काढणारे द्रावण घालून, फिल्टर आणि हीटर चालू करावेत. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग) असेल तर ते पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने जात नाही, म्हणून द्रावण वापरणेच बरे. मग शुद्ध अमोनियाचे थेंब घालून त्याचे प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत आणावे आणि दर दोन दिवसांनी तपासणी करावी. अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही शून्यावर येऊ लागले, की टाकी तयार झाली. त्यानंतर मोठा पाणीबदल करून नायट्रेट २० मिलिग्रॅमच्या खाली आणावे. खात्रीच्या, निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

विलगीकरण आणि क्रम

नव्या माशांना थेट मुख्य टाकीत सोडू नये. एक जात आधी स्थिरावलेली असताना दुसरीसोबत आजार आला, तर नुकसान दोघांचे होते. वीस-पंचवीस लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला एखादी कुंडी एवढ्यावर काम भागते. त्यात मासे तीन ते चार आठवडे ठेवावेत. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी माशाच्या त्वचेखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो तिथून निघून पाण्यात पोहत असतानाच मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की उपचार थांबवणे ही चूक ठरते. औषध देताना संवेदनशील जातीचा विचार आधी करावा. कोरीडोरासला मीठ फारसे सोसत नाही, तेव्हा निऑनसाठी घातलेले मीठ त्याला अपायकारक ठरू शकते. एका जातीचा उपचार शक्य तो वेगळ्या टाकीतच करावा.

कोणती जात आधी सोडावी, याबद्दल नियम असा की भित्री जात आधी आणि हद्द राखणारी शेवटी. जागा राखणारा मासा आधी आला तर सबंध टाकी त्याची होते आणि नंतर येणारा प्रत्येक जण घुसखोर ठरतो. असा मासा आधीपासूनच असेल, तर नवे मासे सोडण्यापूर्वी दगड, लाकूड आणि वनस्पतींची जागा बदलावी. जुन्या खुणा हरवल्याने त्यालाही हद्द नव्याने शोधावी लागते, आणि त्या धांदलीत नव्यांना बस्तान बसवायला वेळ मिळतो. आपल्या जोडीत दोघेही शांत आहेत, म्हणून मी सहाही कोरीडोरास आधी सोडतो आणि दोन-तीन आठवडे गेल्यावर, अमोनिया व नायट्राइट शून्य असल्याची खात्री करून, दहाही निऑन एकदम आणतो. निऑन जुन्या, स्थिर पाण्यात अधिक चांगले तग धरतात, हेही यामागचे कारण आहे.

सोडण्याच्या वेळी टाकीचा दिवा बंद ठेवावा. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, मग उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतले अर्धी वाटी पाणी तिच्यात घालावे. अर्ध्या तासाने मासे अलगद टाकीत घ्यावेत आणि पिशवीतले पाणी टाकून द्यावे. कोरीडोरास मात्र जाळीने पकडू नये. त्याच्या परांचे ताठ काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा जखमी होतो. त्याला प्लॅस्टिकच्या डब्यात किंवा पेल्यात घेऊन हलवावे. त्याचे काटे हाताला टोचले तर चांगलीच आग होते.

दोघांना पुरेल असे खाऊ घालणे

तळाचा मासा उरलेसुरले खातो आणि टाकी साफ करतो, हा समज दूर होणे फार आवश्यक आहे. कोरीडोरास विष्ठा खात नाही, आणि वरच्या थव्याने सोडलेल्या चुऱ्यावर त्याचे पोट भरत नाही. अशा टाक्यांत वर भरपूर खाद्य पडत असते आणि तळाचे मासे हळूहळू खंगत असतात. मिशा असलेल्या माशाचे पोट आत गेलेले वरून पाहिल्याशिवाय कळतही नाही. म्हणून दोघांना वेगवेगळे खाऊ घालावे. निऑनचे तोंड बारीक असल्याने फ्लेक्स चुरून द्यावेत, दोन मिनिटांत संपतील इतकेच. दिवा बंद केल्यावर अर्ध्या तासाने बुडणाऱ्या गोळ्या मोकळ्या वाळूवर दोन ठिकाणी टाकाव्यात. तोवर निऑन शांत झालेले असतात आणि कोरीडोरास निवांत खातात. सकाळी गोळी तशीच पडलेली दिसली तर ती काढून टाकावी आणि पुढच्या वेळी प्रमाण कमी करावे. आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) दिल्यास दोघेही आवडीने खातात.

वेगवान आणि संथ माशांच्या कोणत्याही जोडीत हाच प्रश्न येतो. तिथे वेगवान माशांना टाकीच्या एका टोकाला आधी खाद्य देऊन गुंतवावे आणि मग दुसऱ्या टोकाला संथ माशांना द्यावे.

रोज काय पाहावे

पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटे टाकीसमोर शांत बसावे, आणि शक्यतो खाद्य देण्याच्या वेळी नव्हे, कारण तेव्हा सगळेच मासे धीट दिसतात. फाटलेले पर, फिक्का पडलेला रंग, कायम कोपऱ्यात किंवा हीटरमागे राहणारा मासा, खाद्याकडे न येणारा मासा ही छळाची लक्षणे आहेत. एखादा पाठलाग झाला म्हणून घाबरून जाऊ नये. पाठलाग करणारा थोड्या अंतरावर थांबून परत फिरतो का, की समोरच्याला टाकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेऊनही सोडत नाही, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारात त्याच दिवशी काहीतरी केले पाहिजे.

टेट्रा, बार्ब, डॅनिओ आणि कोरीडोरास ज्या मोठ्या समूहात मोडतात, त्यांतल्या बहुतेक माशांच्या त्वचेत एक विशेष द्रव्य असते. त्वचा फाटली की ते पाण्यात उतरते आणि आसपासचे मासे एकदम गोळा होतात, दडतात किंवा तळाशी स्तब्ध होतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये हे प्रथम वर्णन केले. त्यामुळे टाकीत एकच मासा जखमी झाला असला तरी सगळा थवा बुजलेला दिसू शकतो, आणि तसे दिसल्यास आधी जखमी मासा शोधावा.

कोरीडोरास हवा घ्यायला वर येतो हे स्वाभाविक आहे. पण सगळे मिळून वारंवार वर येऊ लागले, तर पाण्यात प्राणवायू कमी झाला आहे असे समजून पृष्ठभागाची हालचाल वाढवावी आणि अमोनिया तपासावा. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि पीएच व तापमान चढले की अमोनियाचा विषारी भागही वाढतो. दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलावे आणि नवे पाणी त्याच तापमानाचे असावे. फिल्टरचा स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळावा, नळाखाली नव्हे, नाहीतर क्लोरीनने जिवाणू मरतात. मेलेला मासा दिसताच काढावा. निऑनचा एक असाध्य परजीवी रोग आहे, ज्यात रंगाचा पट्टा तुटक पांढुरका होत जातो. तो मेलेल्या माशाचे मांस कुरतडण्यातून पसरतो. असा मासा दिसल्यास त्याला लगेच वेगळे करावे.

जोडी जमलीच नाही, तर कोणाला हलवायचे याचे उत्तर आधीच ठरलेले असते: टाकी मुख्य जातीची, दुसरी जात बाहेर. विलगीकरणाची टाकी म्हणूनच चालू ठेवावी, किंवा निदान तिचा स्पंज मुख्य टाकीच्या फिल्टरमध्ये ठेवून जिवंत राखावा, म्हणजे ती काही तासांत उभी करता येते. मासे रात्री, अंधारात पकडावेत. तेव्हा ते संथ असतात आणि सबंध टाकी उपसावी लागत नाही.

जमली, तर काही महिन्यांत एखाद्या किंचित थंड पाणीबदलानंतर कोरीडोरास काचेवर किंवा पानांवर अंडी चिकटवताना दिसतील. निऑन ती खातात आणि कोरीडोरास स्वतःही खातात, त्यामुळे ती वाचवायची असतील तर त्याच दिवशी बोटाने अलगद सोडवून, टाकीतलेच पाणी भरलेल्या डब्यात, हवेचे मंद बुडबुडे सोडून ठेवावीत. पांढरी पडलेली अंडी रोज काढत राहावी. उरलेल्यांतून साधारण तीन ते पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि पोटाला असलेल्या पिवळ्या बलकावर पहिले काही दिवस काढतात. तो संपला की त्यांना नुकत्याच उबवलेल्या आर्टेमिया द्याव्यात आणि डब्यातले थोडे पाणी रोज मुख्य टाकीतल्या पाण्याने बदलावे.